गाळाला घाई, विजेला धीर

अगं, तुमच्या तळघरात पाणी शिरल्याचं कळलं. माणसं वर सुखरूप आहेत, तेव्हा निम्मा पूर ओसरला असं समज. उरलेला निम्मा आता तुमच्या हातात आहे, आणि तो फोनवर सांगून संपणारा नाही, म्हणून लिहिते. हे पत्र जावईबापूंनाही वाचायला दे. पाणी उपसायची मोटार लावायची घाई त्यांनाच जास्त असणार.

सांगलीच्या गावभागात संसार केलेल्या बाईला पूर नवा नाही. पावसाळ्यात आमच्याकडे माणसं भेटली की आधी विचारतात, ‘आयर्विनला किती फूट?’ आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल. तिथं 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका. 2019 च्या ऑगस्टात कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती. 2005 आणि 2021 हीसुद्धा आमची पुराचीच वर्षं. पाणी उतरायला लागलं की माझ्या सासूबाई एवढंच म्हणायच्या : गाळाला घाई, विजेला धीर. पुरानंतरच्या घरात काही कामं एक दिवस उशिरा झाली तर वस्तू हातच्या जातात, आणि काही कामं एक दिवस आधी केली तर माणूस जातो. या दोन प्रकारच्या कामांची सरमिसळ होऊ द्यायची नाही. बाकीचं वायरमन, गवंडी आणि डॉक्टर यांच्याकडून वेळोवेळी शिकत गेले. ते सगळं क्रमानं सांगते.

पाणी चढत असेल तर जिना उतरायचा नाही

तळघराचा धोका तळमजल्यापेक्षा वेगळा असतो. वाट एकच, तीही पाण्याच्या येण्याची. 27 जुलै 2024 ला दिल्लीत जुन्या राजिंदर नगरमध्ये तळघरातल्या अभ्यासिकेत पाणी शिरलं आणि तीन विद्यार्थी बुडाले. बाहेर पाणी साचलेलं असलं की दार एकदम फुटतं, आणि मग जिन्यावरून वर येता येत नाही. खाली स्कूटर असो, नाहीतर लग्नातला शालू असो, पाऊस थांबून पाण्याची पातळी स्थिर होईपर्यंत कुणी खाली जायचं नाही. मुलांना तर सफाई पूर्ण होईतो तो जिनाच बंद.

विजेला धीर

त्याच आठवड्यात, 25 जुलैला, पुण्यात पुलाच्या वाडीत पाण्यातून हातगाडी हलवताना तिघे तरुण विजेच्या धक्क्यानं गेले. पाण्यात वीज उतरली आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून मेन स्विच तळघरात असेल आणि तिथवर जायला पाण्यात पाय घालावा लागत असेल, तर तो बंद करायला जाऊच नका. महावितरणला कळवा आणि खांबावरून किंवा बाहेरच्या पेटीतून पुरवठा तोडून घ्या. मीटरच्या सीलला आपण हात लावायचा नाही.

मेन बंद झाला म्हणजे सगळी वीज गेली, असंही नाही. हल्ली घराघरांत इन्व्हर्टर आहे. बाहेरची वीज गेली की तो आपणहून चालू होतो आणि त्याच वायरींमधून घराला वीज देतो. तुमच्या गच्चीवर सोलरचे पॅनेल आहेत. ऊन पडलं की त्यांच्या वायरींत वीज असतेच, मग मेन बंद असो की चालू. तेव्हा वायरमनला या दोन्ही गोष्टी पहिल्यांदा सांगायच्या.

पाणी गेल्यावर बोर्ड वरवर कोरडा दिसतो, पण पाइपातल्या वायरींत पाणी राहिलेलं असतं. पाण्याखाली गेलेले एमसीबी, स्विच, सॉकेट पुसून वापरायचे नाहीत, नवेच बसवायचे. परवानाधारक वायरमननं मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र, लावून वायरिंग तपासलं, अर्थिंग पाहिलं, की मगच वीज जोडायची. ‘एकदा लावून तर बघू’ हे वाक्य घरात कुणी उच्चारलं तर त्याला चहा करायला पाठव.

फ्रिज, वॉशिंग मशीन, पाण्याची मोटार यांनाही हाच नियम. गाळ स्वच्छ पाण्यानं धुवायचा, वस्तू पुरती वाळू द्यायची आणि मेकॅनिकला दाखवायची. मोटारीचं वाइंडिंग बरेचदा वाचतं. ओल्या मोटारीला वीज दिली की ते जळतं. विजेवरची स्कूटर बुडाली असेल तर ती मुळीच चार्जिंगला लावू नका. तिची बॅटरी पाणी गेल्यावरसुद्धा काही दिवसांनी पेट घेऊ शकते. कंपनीच्या माणसांकरवी ती मोकळ्या जागेत, घरापासून लांब ठेवून घ्या.

आत जाण्याआधी वास घ्या

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. गळला की खाली उतरतो आणि तळघरात साचून राहतो. सिलिंडर पाण्यात तरंगून आपटलेला असतो, नळी ओढली गेलेली असते. वास आला तर काडी, उदबत्ती, लायटर काही नाही. दारं उघडून बाहेर यायचं आणि एजन्सीला बोलवायचं. वास नसला तरी बुडालेला रेग्युलेटर आणि नळी बदलूनच घ्यायची.

दुसरा वायू त्याहून कपटी, कारण त्याला वास नाही. उपशासाठी डिझेल किंवा पेट्रोलचा पंप आणाल. तो तळघरात, जिन्यात किंवा बंद पोर्चमध्ये ठेवायचा नाही. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडनं माणूस झोप लागल्यासारखा बसतो आणि उठत नाही. पंप बाहेर मोकळ्यावर, खिडक्यांपासून दूर, आणि आत फक्त पाइप.

टॉर्च आणि लांब काठी घेतल्याशिवाय कपाटाच्या मागे हात घालू नका. नदीकाठचे साप कोरडी जागा शोधत घरात येतात आणि चपलांच्या मांडणीत, गुंडाळलेल्या सतरंजीत बसतात. दिसला तर मारायला जाऊ नका, सर्पमित्राला फोन करा.

उपसा सावकाश

जावईबापूंना हे दोनदा वाचायला सांग. तळघर भरलेलं असतं तेव्हा भोवतालची जमीनही पाण्यानं फुगलेली असते. बाहेरून ती भिंतीला रेटते, आतलं पाणी उलट बाजूनं भिंतीला आधार देतं. आतलं पाणी एका दमात काढलं तर तो आधार जातो आणि भिंत आत येते किंवा फरशी खालून उचलली जाते. आमच्याकडे मातीच्या भिंतींची घरं पुरात उभी राहतात आणि पाणी उतरल्यावर बसतात, ते पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

रीत सोपी आहे. रस्त्यावरचं, अंगणातलं पाणी ओसरल्यावरच उपसा सुरू करा. पहिल्यांदा फूटभर पाणी काढा, भिंतीवर खडूनं खूण करा आणि रात्रभर थांबा. सकाळी पाणी खुणेच्या वर आलं असेल तर जमिनीत अजून पाणी आहे. उपसा थांबवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच करून बघा. पातळी तिथंच राहिली तर रोज साधारण एक तृतीयांश या बेतानं काढत जा. भिंतीला नवी आडवी चीर दिसली, भिंत पोटात आल्यासारखी वाटली, तर सगळ्यांनी बाहेर यायचं आणि इंजिनिअरला दाखवायचं.

जमिनीखालची पाण्याची टाकीही लगेच रिकामी करू नका. जमीन भरलेली असताना रिकामी टाकी खालून उचलली जाऊन तडकते. जमिनीतलं पाणी उतरेपर्यंत तिचं पाणी वापरायचं नाही, एवढं पाळा.

आधी फोटो, मग फावडं

आवरायच्या नादात बायका पुरावा धुऊन टाकतात. भिंतीवरची पाण्याची रेघ, बुडालेली प्रत्येक वस्तू, तिच्यावरचा मॉडेल आणि सिरीयल नंबर, सगळ्याचे फोटो आणि व्हिडिओ काढा. विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी कळवा. ‘भारत गृह रक्षा’ ही घराची पॉलिसी असेल तर तिच्यात पुराचं नुकसान येतं. सर्व्हेअर येईपर्यंत मोठ्या वस्तू टाकू नका. सडणारी गादी टाकावीच लागली तर फोटो काढून तिच्या कापडाचा तुकडा कापून ठेवा. पंप, मजूर, वायरमन यांच्या पावत्या एका पिशवीत घाला.

तलाठी किंवा महापालिकेची माणसं पंचनाम्याला येतील तेव्हा घरात जाणतं कुणीतरी हवं. सही करण्याआधी कागद वाचा, राहिलेली वस्तू लिहायला लावा आणि त्या कागदाचाही फोटो काढा.

गाडी तळघरात होती ना? किल्ली फिरवू नका, ‘फक्त लाइट लागतात का बघू’ म्हणूनही नाही. इंजिनात पाणी असताना स्टार्ट मारला तर पिस्टन पाण्यावर आदळतो, पाणी दबत नाही आणि आतला रॉड वाकतो. असं नुकसान साध्या पॉलिसीत बरेचदा नाकारलं जातं. बॅटरीची वायर काढा आणि गाडी ओढून गॅरेजला न्या.

गाळाला घाई

वीज तोडली, पाणी काढलं, फोटो झाले. आता मात्र एक तासही दवडू नका. गाळ ओला आहे तोवर फावड्यानं निघतो. एकदा वाळला की फरशीच्या सांध्यांत, दाराच्या बिजागरीत, जाळीत टणक बसतो आणि मग छिन्नी लागते. पाण्याचा शेवटचा वीतभर थर उरला असताना खराट्यानं गाळ ढवळत राहा, म्हणजे बराचसा पाण्याबरोबरच निघून जाईल. उरलेला घमेल्यानं काढा. तो गटारात लोटू नका, तुंबलेलं गटार पुढच्या सरीला तुमच्याच दारात उलटेल.

धुताना भिंतीच्या वरून खाली यायचं. पहिल्यांदा नुसतं पाणी, मग साबणाचं पाणी आणि घासणी, आणि शेवटी जंतुनाशक. हा क्रम बदलू नका. गाळावरच ब्लीचिंग पावडर फेकली तर तिचा सगळा जोर चिखलातच संपतो. 10 लिटरच्या बादलीला साधारण 100 ग्रॅम पावडर घाला, ढवळून अर्धा तास ठेवा आणि वरचं निवळ पाणी फरशी-भिंतींना लावून दहा-पंधरा मिनिटांनी धुवा.

आता कानात तेल घालून ऐक. ब्लीचिंग आणि संडासाचं अॅसिड एकत्र करायचं नाही. काचा पुसायच्या अमोनियाच्या द्रावणाशीही नाही. त्यातून विषारी वायू निघतो, आणि तळघरातून त्याला बाहेर जायला वाट नसते. एका वेळी एकच बाटली उघडायची, खिडक्या उघड्या ठेवायच्या.

पाय झाका, ताप लपवू नका

तुमच्या तळघरातलं पाणी नुसतं नदीचं नाही. त्यात ड्रेनेज आहे, उंदरांचं मूत आहे. गमबूट आणि रबरी हातमोजे घातल्याशिवाय कुणी उतरायचं नाही. यात कामाच्या ताई आणि बोलावलेले मजूरही आले. त्यांना बूट आपण आणून द्यायचे. ज्याला जखम असेल त्यानं खाली जाऊच नये. नवी जखम झाली तर साबणानं धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारून घ्या.

उंदरांच्या मुतातून होणारा लेप्टोचा ताप बहुतेकदा आठवड्या-दोन आठवड्यांनी येतो, पाण्याची आठवणही गेलेली असते तेव्हा. ताप, डोकेदुखी, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं, यातलं काही झालं तर डॉक्टरांना ‘मी पुराच्या पाण्यात उतरले होते’ हे आपणहून सांगायचं. त्याआधीच प्रतिबंधक गोळी घ्यायची का, हे आताच विचारा. गरोदर बाई आणि लहान मुलं यांच्या बाबतीत ती परस्पर द्यायची नाही.

पिण्याचं पाणी चांगलं उकळूनच. टाकी घासून, धुऊन, नव्यानं स्वच्छ पाणी भरलं की 1000 लिटरला 2.5 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर पुरते. ती बादलीत कालवून, निवळ तेवढं टाकीत घालायचं आणि तासभर थांबायचं.

टाकायला मन घट्ट करा

भिजलेलं धान्य, पीठ, मसाले, लोणच्याच्या बरण्या, औषधं जातील ती गेली. धान्य वाळवून गुरांना घालू म्हणतात, तेही नको. बुरशीचं विष त्यांनाही बाधतं. कापसाच्या गाद्या, उश्या, फोमचे सोफे, प्लायवूडची फुगलेली कपाटं यांच्या आतली घाण निघत नाही. स्टीलची भांडी घासून उकळत्या पाण्यातून काढा, ती आयुष्यभर चालतील. लाकडी पोळपाटाला चीर असेल तर मात्र तो टाका.

सागवानी कपाट वाचतं. खण काढून ठेवा, दारं उघडा आणि सावलीत, वाऱ्यावर वाळवा. उन्हात घातलं की फळ्या पीळ धरतात.

कागदांना उन्हात किंवा इस्त्रीखाली घालू नका. पानं ओढून सोडवू नका. स्वच्छ पाण्यात अलगद गाळ जाऊ द्या आणि मधे टीपकागद घालून पंख्याखाली आडवे ठेवा. एकमेकांना चिकटलेले फोटोही तसेच. लगेच वेळ नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरच्या घरातल्या फ्रीझरमध्ये ठेवा, बुरशी धरणार नाही आणि सवडीनं एकेक काढता येईल. खरेदीखत गेलं म्हणून रडत बसू नकोस. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातून त्याची प्रमाणित प्रत आणि सूची क्रमांक दोन मिळते. भिजक्या, फाटक्या नोटा बँका बदलून देतात.

भिंतीला वेळ द्या

चहात टोक बुडवलेली खारी जशी वरपर्यंत भिजते, तशी विटेची भिंत पाणी वर ओढते. म्हणून पाण्याच्या रेघेच्या वर फूट-दोन फूट तरी ओल धरलेली असते. पीओपी, जिप्सम बोर्ड, वॉलपेपर, भिंतीला ठोकलेलं प्लायवूड हे सगळं त्या उंचीपर्यंत काढून टाका, कारण एक-दोन दिवसांतच त्यामागे बुरशी येते. सिमेंटचा गिलावा राहू द्या. बोटाच्या पेरानं ठोकून बघा. पोकळ आवाज येईल तिथलाच पाडा.

पावसाळी हवेत नुसत्या खिडक्या उघडून तळघर वाळत नाही, उलट बाहेरची दमट हवा आत येते. पाऊस चालू असताना खिडक्या लावून आतली हवा बाहेर टाकणारा एक्झॉस्ट चालवा, उघडीप झाली की सगळं उघडा. हवेतली ओल शोषणारं डीह्युमिडिफायर भाड्यानं मिळालं तर घ्या. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवा.

काही आठवड्यांनी भिंतीवर पांढरा लोणा फुटेल. घाबरू नका, भिंत वाळते आहे. तो कोरड्या ब्रशनं झाडा. पाण्यानं पुसला तर परत आत जातो. आणि गणपतीच्या आत, नाहीतर गेला बाजार दिवाळीच्या आत रंग काढून घेऊ, असं रंगारी म्हणेल. त्याला काही महिने लांबव. ओल्या भिंतीवर पुट्टी, ऑइलपेंट किंवा वॉटरप्रूफिंग लावलं की ओल आत कोंडते आणि पुढच्या उन्हाळ्यात सगळे पोपडे हातात येतात. परीक्षा घरच्या घरी होते : हातभर प्लास्टिकचा कागद भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि एक-दोन दिवस ठेवा. आतून दव धरलं तर भिंत ओली आहे. कोरडा राहिला की रंगाऱ्याला बोलवा.

पुढच्या पावसाची तयारी याच पावसात

नदीकाठच्या घरांसाठी पाटबंधारे खात्याच्या नकाशावर दोन पूररेषा असतात. निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या पुराची. तुमचं घर कुठल्या रेषेत येतं ते महापालिकेत बघून घ्या. खडकवासला धरणातून होणाऱ्या विसर्गाचा मेसेज येतो तेव्हा कुठली वस्तू आधी उचलायची, हे त्यावरून ठरवता येईल.

तळघरातल्या न्हाणीच्या जाळीतून पाणी उलटं आलं असेल तर ड्रेनेजच्या पाइपाला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. मेन बोर्ड आणि इन्व्हर्टर वरच्या मजल्यावर न्या. वायरिंग नव्यानं करताना तळघराचं सर्किट वेगळं ठेवा, म्हणजे ते एकटं वरून बंद करता येईल. फरशी फोडणारच असाल तर कोपऱ्यात खड्डा करून पाणबुडी पंप बसवा.

आणि रंग देताना पाण्याची रेघ पुसून टाकू नका. लाल रंगानं ती पुन्हा ओढा, शेजारी तारीख लिहा. त्या रेघेच्या खाली बटण नको, बॅटरी नको, कागद नको. घर पुढे कुणाला विकलं, भाड्यानं दिलं, तर त्यालाही ती दाखवा.

मी शनिवारी येते आहे. माझ्या मापाचे गमबूट आणून ठेव. आणि मी येईपर्यंत जावईबापूंना मोटारीच्या बटणाला हात लावू देऊ नकोस.